पुस्तकी किडा ते नाद खुळा : अभ्यासू लेकराकडं बघायची गावाची नजर कशी बदलली?

कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी) : रानात पाठवलं तर बांधावर बसून मुंग्यांची रांग बघत राहणारं, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारं, पण आवडीचा विषय निघाला की थांबतच नाही असं एखादं लेकरू प्रत्येक गावात असतं. वीस-पंचवीस वर्षांमागं अशा पोराला ‘पुस्तकी किडा’, ‘ढापण्या’, ‘पंडित’ म्हणून चिडवायचे. आज मोबाईल अडकला, ठिबकच्या टायमरचं काही कळंना झालं किंवा पीक विम्याचा फॉर्म भरायचा राहिला की त्याच पोराला हाक मारली जाते. शहरातली कॉलेजची मुलं तर इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावाखाली ‘नर्ड’ असं हौसेनं लिहितात.

म्हणजे जी शिवी होती तीच आता पदवी झाली. हा बदल कसा झाला हे समजून घेणं गरजेचं आहे. कारण दहावी-बारावीनंतर लेकराचं काय करायचं, याचा निर्णय पुष्कळ घरांत एकाच समजुतीवर होतो. जास्त वेळ बुकात बसतं ते हुशार आणि भलत्याच गोष्टीत रमतं ते वाया गेलेलं, ही ती समजूत.

नर्ड म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द अमेरिकेतून आला. १९५० साली डॉ. स्यूस या लेखकाच्या लहान मुलांच्या चित्रपुस्तकात तो पहिल्यांदा छापलेला सापडतो. तिथं तो एका काल्पनिक प्राण्याचं नाव आहे. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, तिकडच्या एका साप्ताहिकानं डेट्रॉईट शहरातली पोरं बावळट, जुनाट माणसाला ‘नर्ड’ म्हणतात अशी नोंद केली. पुढं अभ्यासात बुडालेल्या, चष्मा लावणाऱ्या, चारचौघांत न मिसळणाऱ्या मुलाला तो शब्द चिकटला. १९८४ साली अशा मुलांवर हॉलिवूडचा एक सिनेमाच आला. त्यात शेवटी जिंकतात ती हीच मुलं.

आपल्याकडं एक शब्द नव्हता, अनेक होते. घोकणाऱ्याला ‘पोपट’, वाचणाऱ्याला ‘पुस्तकी किडा’, शिकून व्यवहार न कळणाऱ्याला ‘चार बुकं शिकलेलं येडं’, एकाच गोष्टीमागं लागणाऱ्याला ‘नादिष्ट’ किंवा ‘छंदिष्ट’. नीट बघितलं तर ही सगळी माणसं वेगवेगळी आहेत. परीक्षेसाठी पाठ करणारा वेगळा, शिकल्याचा तोरा मिरवणारा वेगळा आणि एखाद्या गोष्टीचं खूळ लागून तिच्या मुळाशी जाणारा वेगळा. चिडवताना गावानं तिघांना एकाच माळेत ओवलं. आता कौतुक करतानाही तसंच चाललंय.

जांबच्या समर्थांनी हा फरक सांगून ठेवलाय

हा फरक आपल्या तालुक्याला नवा नाही. इथून जवळच असलेलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ सालचा. त्यांच्या ‘दासबोध’ ग्रंथात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि दहावा समास ‘पढतमूर्ख’ माणसाचा. पढतमूर्ख म्हणजे शिकलेला मूर्ख.

गंमत अशी, की या समासात वाचनाला किंवा अभ्यासाला कुठंच नावं ठेवलेली नाहीत. दोष दाखवलाय तो गर्वाचा. आपल्याला कळतं म्हणून सगळ्यांना नावं ठेवणारा, ज्ञान सांगतो पण मनातला लोभ आणि अभिमान सोडत नाही, तो पढतमूर्ख. उलट याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावर आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा सरळ ठेवाव्या, कागद-शाई-लेखणी कशी असावी, इथपर्यंत बारीक गोष्टी त्यात आहेत. इतक्या बारकाव्यात शिरणाऱ्या माणसाला आजची पोरं काय म्हणतील हे वेगळं सांगायला नको.

समर्थांच्या बालपणाची एक आख्यायिका जांबला घरोघर माहीत आहे. लहानगा नारायण खेळायचं सोडून अंधाऱ्या अडगळीत जाऊन बसला. आईनं शोधून काढलं आणि काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला जगाची काळजी करतोय. आज एखाद्या घरात लेकरानं असं उत्तर दिलं तर आधी अंगारा लावतील, मग मोबाईल काढून घेतील.

देवळालीचे कापरेकर मास्तर

खऱ्या नादिष्ट माणसाचं मराठीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, ठाण्याला शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण. १९२७ मध्ये त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. मात्र पदवीच्या पुढचं गणिताचं रीतसर शिक्षण झालं नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते.

त्यांना नाद होता आकड्यांचा. कुठलाही आकडा दिसला की तो उलटा करायचा, तोडायचा, बेरीज करून बघायची. रेल्वेच्या प्रवासात डोंबिवलीजवळ एक कल्पना सुचली म्हणून त्यांनी त्या प्रकारच्या आकड्यांना स्टेशनच्या जुन्या नावावरून ‘डेमलो’ नाव दिलं. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, त्याला ते ‘हर्षद’ म्हणत, म्हणजे आनंद देणारा. उदाहरणार्थ १२. एक आणि दोन तीन, आणि तीननं बाराला भाग जातो.

१९४९ साली त्यांनी जी गोष्ट शोधली ती चौथीतल्या लेकरालाही करून बघता येते. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे अंक मांडा, मग लहानापासून मोठे मांडा आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. समर्थांच्या जन्माचं साल १६०८ घेऊन बघू :

८६१० वजा ०१६८ = ८४४२
८४४२ वजा २४४८ = ५९९४
९९५४ वजा ४५९९ = ५३५५
५५५३ वजा ३५५५ = १९९८
९९८१ वजा १८९९ = ८०८२
८८२० वजा ०२८८ = ८५३२
८५३२ वजा २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं तेच करा. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४. कुठल्याही आकड्यापासून सुरुवात करा, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ वरच येऊन थांबता. मधे उत्तर तीन अंकी आलं तर पुढं शून्य लावून चार अंक करायचे, एवढंच पथ्य.

याचा उपयोग काय, असं त्या काळी पुष्कळ गणितज्ञांनी विचारलं. पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. कापरेकर मास्तर आपलं काम करत राहिले, छोट्या छोट्या पुस्तिका काढत राहिले. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला या शाळामास्तराची ओळख झाली. तोवर ते सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले. आज ६१७४ या आकड्याला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कापरेकरांचा नाद परीक्षेत मार्क मिळवून देणारा नव्हता. त्यानं पगार वाढला नाही. तरी तो रोज, आयुष्यभर टिकला. पोपटपंची करणारा आणि नादिष्ट यांच्यातला फरक इथं दिसतो. परीक्षा संपली की पोपट गप्प होतो. नादिष्टाचं काम परीक्षा नसतानाही चालू राहतं.

मुलगी असेल तर?

पोराला निदान ‘पुस्तकी किडा’ म्हणून सोडून देत. पोरीच्या बाबतीत तेवढीही सूट नव्हती. भागवत घराण्यातल्या दोन बहिणींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. थोरल्या दुर्गाबाई भागवत. लोककथा, रूढी, ऋतू, खाणंपिणं असा कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. धाकट्या कमलाबाई, लग्नानंतर सोहोनी.

१९३३ साली कमलाबाई बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या, तेव्हा संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून, पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवून त्यांना घेतलं. त्यांचं काम पाहिल्यावर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळायला लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. परत आल्यावर त्यांनी संशोधन केलं ते आपल्या रोजच्या खाण्यावर, डाळींवर आणि ताडाच्या झाडापासून निघणाऱ्या नीरेवर.

आजही गावात दहावीनंतर पोरीचं शिक्षण थांबवताना ‘लई बुकं वाचून काय करणार’ हे वाक्य ऐकू येतंच. नजर बदलली, पण पोरापुरती लवकर बदलली आणि पोरीपुरती अजून बदलायची आहे.

बुक हातात नसलेला नादिष्ट

नर्ड म्हटलं की चष्मा आणि पुस्तक डोळ्यांपुढं येतं. पण नादिष्ट असायला शाळा शिकलेलंच पाहिजे असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकले होते. शेत दीड एकर. १९८३ साली धानाच्या वावरात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर रंगाच्या दिसल्या. दुसरा एखादा असता तर कापून सगळ्यात मिसळून टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या आणि परत निवडल्या. अशी कित्येक वर्षं गेली. त्यातून बारीक दाण्याचा, चांगल्या उताऱ्याचा धान तयार झाला. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून त्या धानाला नाव पडलं ‘एचएमटी’. हा तांदूळ पुढं अनेक राज्यांत गेला. त्यांनी आणखीही वाण काढले.

पण वाणाचा हक्क त्यांच्या नावावर वेळेत बांधला गेला नाही. नाव झालं, त्या मानानं पैसा आला नाही. शेवटच्या आजारपणात उपचारासाठी लोकांना मदतीचं आवाहन करावं लागलं. २०१८ साली ते गेले. कौतुकानं पोट भरत नाही हे या गोष्टीतून कळतं. आता २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. शेतकऱ्याला स्वतः निवडून तयार केलेला वाण त्याखाली स्वतःच्या नावानं नोंदवता येतो. त्यासाठी शेतकऱ्याला फी लागत नाही. पण आपल्या निवडीची वर्षवार वही ठेवलेली असेल तर हे काम सोपं जातं.

जालना जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बियाण्यांचं गाव म्हणून जालन्याचं नाव देशात झालं ते असंच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सीड प्लॉटमध्ये काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. वेगळं झाड ओळखून उपटायचं, फूल कधी उमलेल ते हेरायचं, हे काम नजरेचं आहे. आपल्याकडं घरोघर पेरली जाणारी ‘बीडीएन ७११’ तूर घ्या. बीडीएन म्हणजे बदनापूर. तिथल्या संशोधन केंद्रात कुणीतरी वर्षानुवर्षं झाडं, शेंगा आणि दाणे मोजत बसलं, म्हणून ती आपल्या वावरात आली.

नजर बदलली कधी?

बदल झाला तो मुख्यतः संगणकामुळं. १९७५ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट आणि १९७६ साली ॲपल सुरू झाली. ज्या पोरांना चिडवलं जायचं तीच जगातली सगळ्यात श्रीमंत माणसं झाली. आपल्याकडं १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि शेतकऱ्याचं पोरगं इंजिनिअर होण्याची वाट मोकळी झाली, पैसा असला तर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अमेरिकेकडून महासंगणक मिळत नव्हता, म्हणून तिथं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले.

पुढं एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्याच्या गावी आले आणि मग स्वस्त मोबाईल आला. पूर्वी नादिष्ट पोरगं गावात एकटं असायचं. पक्ष्यांचा नाद असला, रेडिओ खोलायचा नाद असला, तर बोलायला दुसरं कुणी नसायचं. आता मोबाईलवर त्याला त्याच नादाची शंभर माणसं भेटतात. एकटेपणा गेला, तसं चिडवण्याचं बळही गेलं.

आपल्या बोलीतही हा बदल उमटलाय. ‘नादी लागला’ म्हणजे पोरगं बिघडलं, असाच अर्थ होता. ‘खूळ’ म्हणजे येडेपणा. या दोन वाईट शब्दांची जोडी करून ‘नाद खुळा’ झालं. कोल्हापूरकडची ही दाद आता ट्रॅक्टरच्या मागंही लिहिलेली दिसते. अमेरिकेत ‘नर्ड’ शब्दाचं जे झालं, तेच मराठीत ‘नाद’ शब्दाचं झालं.

आता नवा घोटाळा

मान मिळायला लागला की नकली मालही येतो. दहा सेकंदांच्या रीलवर चार आकडे सांगितले की माणूस अभ्यासू ठरतो. समर्थांच्या हिशेबानं हा पढतमूर्खाचाच नवा अवतार.

दुसरा घोटाळा जास्त महागात पडणारा आहे. गावोगाव अभ्यासिका झाल्यात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नीट अशा परीक्षांची मुलं तिथं दिवसाचे दहा-बारा तास बसतात. त्यांची मेहनत खरी आहे आणि परीक्षा देण्यात काहीच वाईट नाही. पण किती तास बसलं यावरून गाव त्यांना हुशार ठरवतं. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी, त्यामुळं बहुतेकांच्या हाती नोकरी लागत नाही. वय तिशीकडं जातं, लग्न अडतं आणि रानात परतायची लाज वाटते. ‘हुशार’ म्हणून मिरवलेल्या पोराला ‘नापास’ ठरवायला गावाला एक निकाल पुरतो. याच पोराला आतून कशाचा नाद होता, हे मधल्या सात-आठ वर्षांत कुणी विचारलेलंच नसतं.

घरानं आणि शाळेनं काय करावं?

लेकराचा नाद खरा आहे का हे ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात. कुणी न सांगता, परीक्षा नसताना ते तेच काम करतं का? आपलं चुकलं हे त्याचं त्याला शोधून काढता येतं का? आणि स्वतःला कळलेलं दुसऱ्याला न हिणवता समजावून सांगतं का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर नाद खरा. फक्त स्क्रीनवर बोट सरकवत बसणं हा नाद नाही, हेही याच प्रश्नांतून कळतं.

खर्च फार नाही. एक वही द्यावी. पक्षी, पाऊस, मोटारीचं वायंडिंग किंवा कापसावरची बोंडअळी, ज्याचा नाद असेल त्याची रोज तारीख टाकून नोंद करायला सांगावं. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, तो मोबाईलमध्ये काढून द्यावा. शेतीचा नाद असेल तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा घेऊन जावं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेला मुलांच्या नव्या कल्पना ऑनलाइन पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाला १० हजार रुपये मिळतात. ही कल्पना शाळेमार्फतच जाते, त्यामुळं पालकांनी मुख्याध्यापकांना आपणहून विचारायला हवं.

आणि पोटापाण्याचं शिक्षण सोडायला सांगू नये. कापरेकरांनी मास्तरकी केली, खोब्रागडेंनी शेती केली आणि त्याच्या जोडीनं नाद सांभाळला. घरानं एवढंच बघायचं, की पोटाच्या मागं लागून नाद मरू नये आणि नादापायी पोट उपाशी राहू नये.

आज संध्याकाळी जेवताना घरातल्या लेकराला एक चार अंकी आकडा विचारा आणि पाटीवर वजाबाकी करत बसा. ६१७४ आल्यावर ते ‘असं काऊन होतं?’ म्हणून विचारतं का, तेवढं मात्र कान देऊन ऐका.